रिपोर्ट देखणा आहे, पण स्लाइड कोणी पाहिली?

परळ-नायगाव भागातल्या एका खासगी पॅथॉलॉजी लॅबची घरपोच रक्ततपासणी सेवा आम्ही गेल्या महिन्यात घेतली, त्याचा हा अभिप्राय आहे. लॅबचे नाव मुद्दाम लिहिलेले नाही, कारण जे बिघडले ते मुंबईतल्या कोणत्याही लॅबमध्ये बिघडू शकते आणि जे सुधारले ते तिथल्या एका डॉक्टरांच्या वृत्तीमुळे सुधारले, दारावरच्या पाटीमुळे नव्हे. माझी पार्श्वभूमीही आधीच सांगते. मी एका सार्वजनिक रुग्णालयाच्या रक्तपेढीत एकतीस वर्षे तंत्रज्ञ होते, त्यामुळे माझी नजर सर्वसाधारण ग्राहकापेक्षा जास्त चिकित्सक, किंवा घरच्यांच्या भाषेत जास्त किरकिरी, असण्याची शक्यता आहे.

तपासणीचे कारण साधे होते. माझी वीस वर्षांची मुलगी आणि नोकरीनिमित्त आमच्याकडे राहणारा बावीस वर्षांचा भाचा अशी दोघे गिर्यारोहणाच्या प्राथमिक शिबिराला निघाली होती आणि शिबिरवाल्यांनी रक्तगटाचा दाखला व सीबीसीचा, म्हणजे रक्तातील पेशींच्या मोजणीचा, रिपोर्ट मागितला होता. दोघेही ठणठणीत. लॅबच्या ॲपवर तरुणांसाठी म्हणून एक पॅकेज होते : सीबीसी, रक्तगट आणि उपाशीपोटीची साखर मिळून माणशी ६९९ रुपये, घरी येण्याचे १५० वेगळे. किमतीबद्दल तक्रार नाही. पॅकेजच्या जाहिरातीत सीबीसीतील प्रत्येक आकड्याला स्वतंत्र चाचणी धरून संख्या फुगवलेली होती, परंतु ती खोड आता सगळ्यांनाच लागली आहे.

सकाळी सातची वेळ दिली होती आणि रक्त घेणारा मुलगा सात वाजून दहा मिनिटांनी आला, म्हणजे मुंबईच्या हिशेबाने वेळेवर आला. वागणे नम्र, हातमोजे नवे, सुईचे पाकीट आमच्यासमोर फोडले, नाव आणि वय विचारून मगच नळीवर बारकोड लावला. या सगळ्याचे पूर्ण गुण. भाच्याची शीर दोरीसारखी ठसठशीत असल्याने त्याचे काम अर्ध्या मिनिटात झाले. मुलीची शीर बारीक, त्यात उपाशीपोटी म्हणजे पाणीही प्यायचे नाही असा तिचा समज झालेला. दंडाला बांधलेला पट्टा मिनिटभराहून जास्त वेळ तसाच राहिला, सुई आत ठेवूनच थोडी मागेपुढे करावी लागली आणि जांभळ्या टोपीच्या नळीत रक्त धारेने न येता थेंबाथेंबाने आले. इथवर मी त्याला दोष देणार नाही. बारीक शीर कोणाच्याही वाट्याला येते. पण नळी भरल्यावर त्याने ती न हलवता सरळ रॅकमध्ये उभी केली. जांभळ्या टोपीच्या नळीत ईडीटीए नावाचे रसायन असते. ते रक्तातील कॅल्शियम बांधून ठेवते आणि त्यामुळे रक्त गोठत नाही, मात्र त्यासाठी नळी हळुवारपणे आठ-दहा वेळा उलटी-सुलटी करून रक्तात ते मिसळावे लागते. मी तसे म्हटल्यावर त्याने दोन वेळा नळी कलंडवली आणि हसून म्हणाला, “हो काकू, बाइकवर हलतंच की ते.”

दुपारी दोनच्या सुमारास दोन्ही रिपोर्ट व्हॉट्सॲपवर आले. दिसायला ते खरोखर सुरेख आहेत. हिरव्या, पिवळ्या, लाल पट्ट्या, प्रत्येक आकड्याशेजारी बाण, खाली डॉक्टरांची संगणकीय सही. भाच्याचे सर्व काही हिरवे होते. त्याच्या प्लेटलेट्स, म्हणजे रक्त थांबवायला मदत करणाऱ्या बारीक पेशी, १ लाख ६२ हजार आल्या होत्या आणि हा आकडा दीड ते साडेचार लाखांच्या प्रचलित मर्यादेत खालच्या टोकाला असला, तरी मागच्या वर्षी नोकरीला लागताना केलेल्या तपासणीत त्या १ लाख ५८ हजार होत्या. निरोगी माणसाच्या प्लेटलेट्सची पातळी वर्षानुवर्षे साधारण आपापल्या पट्ट्यातच राहते, म्हणून जुना रिपोर्ट जपून ठेवणे हे छापील मर्यादा वाचण्यापेक्षा जास्त उपयोगी असते.

मुलीच्या रिपोर्टवर मात्र प्लेटलेट्ससमोर लाल पट्टीत ८२,००० लिहिलेले होते. पावसाळा सरत आलेला, चाळीत दोन घरांत डेंगी होऊन गेलेला. मग काय विचारता. मुलगी कपाळाला हात लावून ताप चाचपू लागली आणि सासूबाईंनी खालच्या भाजीवालीकडे पपईच्या पानांची चौकशी सुरू केली. मुलीला ताप नव्हता, हिरड्यांतून रक्त नव्हते, अंगावर एकही काळानिळा डाग नव्हता, आणि आदल्याच रविवारी ती राजमाची चढून आली होती. सकाळची ती न हलवलेली नळी माझ्या डोळ्यांसमोर होती.

त्या रिपोर्टमध्ये पुरावा होताच, फक्त तो कोणी वाचला नव्हता. प्लेटलेट्सचा सरासरी आकार, ज्याला एमपीव्ही म्हणतात, तो ११.९ फेमटोलिटर आला होता. त्यांच्याच छापील मर्यादेनुसार तो ११.५ पेक्षा जास्त नको. पांढऱ्या पेशी ११,९०० म्हणजे किंचित वाढलेल्या, तेही सर्दी-खोकल्याचा मागमूस नसताना. हे तीन आकडे एकत्र पाहिले की जुन्या तंत्रज्ञाच्या मनात एकच शंका येते. बहुतेक लॅबमधील यंत्र प्लेटलेट्स पाहत नाही, ते एका बारीक छिद्रातून जाणाऱ्या कणांचे आकारमान विजेच्या अडथळ्यावरून मोजते. साधारण दोन ते वीस फेमटोलिटरचा कण गेला की तो प्लेटलेट, त्याहून बराच मोठा गेला की तांबडी किंवा पांढरी पेशी, असा त्याचा ठोकताळा असतो. दहा-वीस प्लेटलेट्स एकमेकींना चिकटून त्यांचा पुंजका झाला, तर यंत्राच्या दृष्टीने त्या दहा-वीस प्लेटलेट्स नाहीशा होतात आणि त्यांच्या जागी एक भलतीच मोठी वस्तू येते, जी कधी कधी पांढऱ्या पेशींच्या खात्यात जमा होते. उलट चूकही होते. लोह कमी असलेल्या किंवा थॅलेसीमिया मायनर (रक्ताचा सौम्य आनुवंशिक दोष) असलेल्या व्यक्तीच्या तांबड्या पेशी इतक्या लहान असू शकतात की त्यांतल्या काही प्लेटलेट्स म्हणून मोजल्या जातात आणि आकडा फुगतो. आपल्याकडच्या तरुण मुलींच्या बाबतीत ही शक्यता नेहमी लक्षात ठेवावी लागते.

आकाराचा आलेख रिपोर्टवर असता, तर पुंजक्यांची खूण तिथेच दिसली असती. आलेख नव्हता, त्याच्या जागी पाणी भरपूर पिण्याचा सल्ला आणि एका डॉक्टरची रंगीत चित्राकृती होती. शिवाय प्लेटलेटक्रिट नावाचा जो आकडा स्वतंत्र चाचणी म्हणून मिरवला जातो, तो केवळ गुणाकार आहे. ८२,००० ला ११.९ ने गुणा, दशांशचिन्ह योग्य जागी ठेवा, ०.१० टक्के मिळतात. त्यांनीही तेच छापले होते, आणि तेही लाल पट्टीत. एकाच चुकीचे दोन लाल रंग पाहून घरातली धास्ती मात्र दुप्पट झाली.

ग्राहक सेवेला फोन केला. तिथल्या मुलीने अतिशय गोड आवाजात ‘जवळच्या डॉक्टरांचा सल्ला घ्या’ असे सांगितले, आणि त्यासाठी ॲपवर तीनशे रुपयांत सल्ला उपलब्ध असल्याचीही माहिती दिली. मी फोन ठेवला आणि मुलीला घेऊन चालत लॅबवर गेले.

इथून पुढचा अनुभव वेगळा आहे आणि तो सविस्तर सांगायला हवा. लॅबमधील पॅथॉलॉजिस्ट बाई तिशी-पस्तिशीच्या असतील. मी काउंटरवर ‘स्मिअर पाहिला होता का’, म्हणजे रक्त काचपट्टीवर पसरून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले होते का, एवढेच विचारले, तशा त्या स्वतः बाहेर आल्या. खोटे बोलल्या नाहीत. यंत्राने पुंजक्यांचा इशारा दिला होता, सकाळच्या गर्दीत तो इशारा तसाच पुढे सरकला आणि रिपोर्ट आपोआप सही होऊन गेला, असे त्यांनी सरळ मान्य केले. नळी अजून लॅबमध्येच होती. त्यांनी तिथल्या तिथे काचपट्टीवर रक्ताचा थेंब ओढला, वाळवला, लिशमनच्या रंगात बुडवला आणि मला म्हणाल्या, “मॅडम, तुम्हीच या इकडे.”

निवृत्तीनंतर प्रथमच सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. स्मिअरच्या मधल्या भागात, जिथे तांबड्या पेशी एकमेकींना जेमतेम टेकतात, तिथे तेलाच्या भिंगाखाली दर दृश्यात पाच-सहाच प्लेटलेट्स दिसत होत्या. ढोबळ हिशेब असा की दहा दृश्यांची सरासरी काढून तिला पंधरा ते वीस हजारांनी गुणायचे; म्हणजे इथेही यंत्रासारखाच ऐंशी-नव्वद हजारांचा आकडा. मग बाईंनी काचपट्टी सरकवून स्मिअरच्या शेपटाकडे नेली. तिथे त्या सगळ्या जमल्या होत्या : फिकट जांभळ्या, दाणेदार, एकमेकींत गुंतलेल्या, तांदूळ धुताना तळाशी कोंडा गोळा व्हावा तशा. एका पुंजक्यात मी तीसपर्यंत मोजल्या आणि सोडून दिले. नळीच्या तळाशी, लाकडी काडी फिरवल्यावर, शेवयाच्या तुकड्याएवढी एक बारीक गुठळीही हाती आली. रक्त थेंबाथेंबाने आले, ईडीटीए मिसळले नाही, आणि प्लेटलेट्सनी आपले जन्मजात काम केले.

येथे दुसरी एक शक्यता होती आणि बाई ती विसरल्या नाहीत, म्हणून त्यांना गुण. काही निरोगी व्यक्तींच्या रक्तात असे प्रतिपिंड (अँटीबॉडीज) असतात की ते ईडीटीएच्या सान्निध्यातच प्लेटलेट्सना एकमेकींशी चिकटवतात. शरीरात काहीही होत नाही, नळीत मात्र आकडा कोसळतो. अशा व्यक्तीला ते ठाऊक नसेल, तर प्रत्येक तपासणीत तिच्या घरी आमच्यासारखाच गोंधळ उडतो, आणि एखादी शस्त्रक्रियासुद्धा विनाकारण पुढे ढकलली जाते. ते ओळखण्यासाठी निळ्या टोपीच्या सायट्रेटच्या नळीत रक्त घेऊन पुन्हा मोजतात. त्या नळीत नऊ भाग रक्ताला एक भाग द्रव असल्याने आलेल्या आकड्याला १.१ ने गुणावे लागते, हे बऱ्याच ठिकाणी विसरले जाते. बाईंनी मुलीला दोन पेले पाणी पाजले, दहा मिनिटे बसवले आणि स्वतः दुसऱ्या हातातून रक्त घेतले, एक निळी आणि एक जांभळी नळी. दोन्ही नळ्या सावकाश उलट्या-सुलट्या केल्या; मी मनातल्या मनात मोजले, दहा वेळा. सायट्रेटमध्ये २ लाख १० हजार, म्हणजे दुरुस्तीनंतर २ लाख ३१ हजार. ताज्या ईडीटीएमध्ये २ लाख ३४ हजार. दोन्ही जुळले, म्हणजे मुलीच्या रक्तात असे प्रतिपिंड नाहीत. दोष सकाळच्या नळीचा होता. पांढऱ्या पेशी ७,८०० वर आल्या. एमपीव्ही ९.६ आला. या सगळ्याचे त्यांनी पैसे घेतले नाहीत.

आता त्या देखण्या रिपोर्टच्या शेवटच्या पानाविषयी. ‘तुमच्यासाठी खास’ अशा शीर्षकाच्या चौकोनात लिहिले होते की मुलीचा रक्तगट ओ आहे आणि या गटाच्या व्यक्तींच्या प्लेटलेट्स आकाराने मोठ्या असू शकतात. तिचा ११.९ हा आकडा शेजारी ठळक अक्षरांत होता. मुलीला ते चटकन पटलेही, कारण वाक्यात विज्ञानाचा वास होता. त्यात खरे किती आणि ओढूनताणून किती, हे सांगितल्याशिवाय हा अभिप्राय पुरा होणार नाही.

रक्तगटाचे प्रतिजन (अँटिजेन) म्हणजे पेशींच्या पृष्ठभागावर लोंबणाऱ्या साखरेच्या लहान साखळ्या असतात. पायाची साखळी एच. तिच्या टोकाला एन-ॲसिटिलगॅलॅक्टोसामाइन जोडले की ए, गॅलॅक्टोज जोडले की बी, दोन्ही जोडणारे विकर असले की एबी, आणि काहीच जोडले नाही की ओ. कार्ल लँडस्टायनर यांनी १९०१ मध्ये यांतल्या एबी सोडून तीन गटांची मांडणी प्रसिद्ध केली आणि त्यासाठी त्यांना १९३० चे नोबेल मिळाले. हे प्रतिजन फक्त तांबड्या पेशींवर असतात असा सर्वसाधारण समज आहे, तो चुकीचा आहे. प्लेटलेट्सवरही ए आणि बी असतात, काही त्यांचे स्वतःचे, काही रक्तद्रवातून येऊन चिकटलेले. थोड्या व्यक्तींत तर ते नेहमीपेक्षा खूपच जास्त प्रमाणात असतात. गटापुढचे पॉझिटिव्ह-निगेटिव्ह ज्यावरून ठरते तो आरएचचा डी प्रतिजन मात्र प्लेटलेट्सवर नसतो. रक्तपेढीत प्लेटलेट्सची पिशवी देताना आम्ही जो आरएचचा विचार करायचो, तो पिशवीत चुकून उरलेल्या तांबड्या पेशींपायी, आणि तोही मुख्यतः आरएच निगेटिव्ह मुलींच्या बाबतीत.

तेव्हा रक्तगटाचा आणि रक्त थांबवण्याच्या यंत्रणेचा संबंध आहे का, तर आहे, पण रिपोर्टने दाखवला तिथे नाही. प्लेटलेट्सना जखमेच्या जागी चिकटायला मदत करणारे फॉन विलेब्रांड नावाचे प्रथिन रक्तद्रवात असते आणि ओ गटाच्या निरोगी व्यक्तींत ते इतर गटांपेक्षा सरासरीने साधारण पाव हिश्शाने कमी असते. याच कारणाने शिरांत गुठळी होण्याचा धोका ओ गटात काहीसा कमी आढळतो. हे पक्के आहे आणि वारंवार तपासलेले आहे. प्लेटलेट्सची संख्या आणि आकार यांचे तसे नाही. निरोगी तरुण विद्यार्थ्यांचे समूह घेऊन असा संबंध शोधण्याचे प्रयत्न झाले आहेत. त्यांतून एकसारखे उत्तर निघत नाही, आणि जिथे फरक दिसतो तिथेही तो एका माणसाच्या रिपोर्टवर काही ठरवावे इतका मोठा नसतो. मुलामुलींमधला फरक त्यापेक्षा जास्त भरवशाचा आहे. स्त्रियांच्या प्लेटलेट्स सरासरीने पुरुषांपेक्षा थोड्या जास्त असतात आणि लोह कमी झाले तर आणखी वाढतात.

शिवाय एमपीव्ही हा आकडा फार नाजूक आहे. ईडीटीएमध्ये प्लेटलेट्स आपला चपट्या बशीसारखा आकार सोडून गोलसर होतात आणि अशा मोजणीत त्या फुगलेल्या दिसतात. पहिल्या तासा-दोन तासांतच ही वाढ सुरू होते. सकाळी सातला घेतलेले रक्त गल्लोगल्लीचे इतर नमुने गोळा करत साडेअकराला लॅबमध्ये पोहोचले आणि त्यानंतर मोजले गेले, तर तो आकडा रक्तगटाबद्दल नव्हे, हिंदमाताच्या सिग्नलबद्दल माहिती देतो. असा संबंध ज्यांना खरोखर अभ्यासायचा असतो, ते सर्व नमुने एकाच यंत्रावर, रक्त घेतल्यापासून ठरावीक मिनिटांनी मोजतात. घरपोच सेवेला ते शक्य नाही, आणि त्याबद्दल मी तिला दोषही देत नाही. त्या चौकोनातले वाक्य छापल्याबद्दल मात्र देते.

रक्तगटाच्या दाखल्याकडे येते, कारण शिबिराला खरी गरज त्याचीच होती. घरून नेलेल्या रक्तावर या पॅकेजमध्ये फक्त काचपट्टीवरची तपासणी होते. निळे ए-विरोधी, पिवळे बी-विरोधी आणि रंगहीन डी-विरोधी द्रव यांचे थेंब, त्यांत रुग्णाच्या तांबड्या पेशी, आणि दोन मिनिटांत गुठळ्या दिसतात की नाही एवढेच पाहायचे. दोन मिनिटांहून उशीर झाला तर थेंबाच्या कडा वाळू लागतात आणि नसलेली गुठळी दिसू लागते. मुलीचा गट ‘ओ पॉझिटिव्ह’, भाच्याचा ‘एबी पॉझिटिव्ह’. ओळखपत्राच्या मागे छापण्यासाठी एवढे पुरते असे लॅबचे म्हणणे, आणि बहुतेक लॅब तेच म्हणतात. माझे मत वेगळे आहे, आणि परळमध्ये तर ते वेगळे असायलाच हवे.

या लॅबपासून चालत पोहोचता येईल अशा केईएम रुग्णालयात डॉ. य. मो. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांना असे रक्त सापडले की ते काचपट्टीवर ओसारखे वागते, पण ओ गटाचे रक्तसुद्धा त्याला चालत नाही. १९५२ मध्ये त्यांनी ते ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध केले आणि जगाने त्याला बॉम्बे रक्तगट म्हटले. शहराचे नाव बदलले, रक्तगटाचे राहिले. या व्यक्तींत पायाची एच साखळीच तयार होत नाही, म्हणून तिच्यावर ए किंवा बी चढण्याचा प्रश्नच येत नाही. ए-विरोधी आणि बी-विरोधी दोन्ही थेंब स्वच्छ राहतात आणि घाईत ‘ओ’ असे लिहिले जाते. प्रत्यक्षात त्यांच्या रक्तद्रवात एच-विरोधी प्रतिपिंड असतात, आणि एच सर्वांत जास्त ओ गटाच्या पेशींवरच असतो. भारतात साधारण दहा हजारांत एक व्यक्ती अशी असते. तिला ओळखण्याची साधी वाट म्हणजे उलटी तपासणी : तिचा रक्तद्रव घ्यायचा आणि तो आधीच माहीत असलेल्या ए, बी आणि ओ पेशींबरोबर मिसळायचा. खऱ्या ओ गटात ए आणि बी पेशींच्या गुठळ्या होतात, ओ पेशी शांत राहतात. बॉम्बे गटात ओ पेशींच्याही होतात. कोणतीही रक्तपेढी रक्त देण्यापूर्वी हे सगळे पुन्हा तपासतेच, ओळखपत्रावर विसंबून कोणी पिशवी लावत नाही, त्यामुळे घाबरण्याचे कारण नाही. पण दहा हजारांतल्या त्या एकाला आपण तो एक आहोत हे अपघाताच्या रात्री कळण्याऐवजी वीस वर्षांचा असताना कळले, तर त्याच्या नातलगांची धावपळ पुष्कळ कमी होते.

उलट्या तपासणीसाठी लॅबने माणशी २५० रुपये जादा घेतले. जेल कार्डवर केली, माझ्या मते उत्तम केली. कार्डाच्या सहा बारीक उभ्या नळ्यांत मुलीचे उत्तर पुस्तकातल्या चित्रासारखे होते : ए आणि बी पेशी जेलच्या वरच लाल रेघ होऊन अडकलेल्या, ओ पेशी तळाशी लहानसा ठिपका होऊन बसलेल्या. खरा ओ.

गंमत भाच्याच्या कार्डावर होती. बी-विरोधी नळीत पेशी अगदी वर अडकल्या होत्या, ए-विरोधी नळीत मात्र काही पेशी मध्यावर घसरलेल्या. तंत्रज्ञ मुलगा ‘एबीच आहे’ म्हणून पुढे जाणार होता. बाईंनी त्याला थांबवले आणि ए१ लेक्टिन लावायला सांगितले, कारण ए गटाचे ए१ आणि ए२ असे दोन मुख्य उपप्रकार असतात. हे लेक्टिन कुळथाच्या बियांतून काढतात. होय, आपला तोच कुळीथ, ज्याची पिठी सासूबाई पावसाळ्यात दर आठवड्याला करतात आणि भाचा नाक मुरडत खातो. कुळथातले हे प्रथिन ए१ पेशींना चटकन गोळा करते, ए२ पेशींना करत नाही. भाच्याच्या पेशी ढिम्म हलल्या नाहीत. तो ए२बी निघाला. रोजच्या आयुष्यात याने काही बिघडत नाही, आणि बहुतेकांना ते जन्मभर कळतही नाही. परंतु काही ए२बी व्यक्तींच्या रक्तद्रवात ए१-विरोधी प्रतिपिंड असतात आणि मग जुळणीच्या वेळी रक्तपेढी कोड्यात पडते. भाच्याच्या रक्तद्रवात ते नव्हते. दाखल्यावर बाईंनी स्वतःच्या हाताने ‘ए२बी’ असे लिहून दिले, कारण त्यांच्या संगणकात तेवढा पर्यायच नव्हता.

बाकीच्या गोष्टी थोडक्यात. प्रतीक्षागृह स्वच्छ आहे, वरच्या मजल्यावर असून लिफ्ट चालू असते, ज्येष्ठांसाठी खुर्च्या पुरेशा आहेत. पैसे परत मागितल्यावर घरी येण्याचे १५० रुपये दोन दिवसांत परत आले. रक्त घेणाऱ्या मुलाबद्दल मी तक्रार केली नाही. त्याला सकाळी पाच तासांत किती घरे दिली जातात ते मी काउंटरवर विचारले, तेव्हा उत्तर मिळाले नाही. ज्यांची शीर सहज मिळते त्यांनी घरपोच सेवा खुशाल घ्यावी, अधल्यामधल्या वेळी पाणी प्यावे आणि नळी आपल्यासमोर उलटी-सुलटी होते का ते पाहावे. बारीक शीर असलेल्यांनी आणि रक्तगट नीट करून हवा असलेल्यांनी थेट लॅबमध्ये, शक्यतो अकरानंतर, गर्दी ओसरल्यावर जावे आणि उलटी तपासणी नाव घेऊन मागावी. लॅबला पाचापैकी साडेतीन तारे. पॅथॉलॉजिस्ट बाईंना पाच. ॲपला एक, तोही रंगसंगतीसाठी.

ॲपला एकच तारा का, तेही सांगते. सुधारित रिपोर्ट दुसऱ्या दिवशी आला, जुना मात्र काढला गेला नाही. आता मुलीच्या खात्यात प्लेटलेट्सचा आलेख दिसतो : डावीकडे लाल ठिपका ८२,०००, उजवीकडे हिरवा ठिपका २,३४,०००, दोन्ही एकाच तारखेचे, मध्ये चढती रेघ, आणि खाली ‘अभिनंदन, तुमच्या प्लेटलेट्समध्ये १८५ टक्के सुधारणा’. आम्ही लॅबमध्ये असताना सासूबाईंनी पपईची पाने वाटून ठेवली होती आणि घरी आल्या आल्या नातीला दोन चमचे रस पाजला होता. सुधारणेचे श्रेय त्या त्यालाच देतात. मी नळीचे, पुंजक्यांचे, ईडीटीएचे सगळे समजावून सांगितले, त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि शेजारच्या काकूंना मोबाइलवर तो आलेख उघडून दाखवला.